पाणी जातंय

शेततळ्याचं पाणी उतरत होतं, आणि ते काही नुसत्या उन्हानं उतरत नव्हतं. ऊन किती पाणी पितं हे कोंडीबाला ठाऊक होतं. सगळा जन्म सांगोल्याच्या माळावर गेलेला माणूस तो. हे पाणी कुठूनतरी चाललं होतं. तळ्याला अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद कुठंतरी फाटला होता आणि कुठं ते काही केल्या सापडत नव्हतं. डाळिंबाच्या निम्म्या बागेवर तेल्या रोग पडला म्हणून ती झाडं उपटून बांधावर जाळून टाकली होती. राहिलेल्या निम्म्या बागेला फळ धरलं होतं, लिंबाएवढं. पाऊस येईपर्यंत तळं पुरलं तर ते हाताला लागणार, नाहीतर गळणार. त्यामुळं घरात उठता-बसता एकच विषय. पाणी किती राहिलं, पाणी कुठनं जातंय, पाणी जरा बेतानं सोडा.

सून राजेश्वरी हिला या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या मराठीतला सगळ्यात पक्का शब्द तोच होता, पाणी. ती अक्कलकोटच्याही पलीकडची, कन्नड घरातली. सांगोल्याकडच्या शेतकरी पोरांना अलीकडं मुली मिळेनात, तेव्हा कोंडीबाच्या युवराजसाठी मेंढरांच्या व्यवहारातल्या एका ओळखीच्या माणसानं ही सोयरीक जुळवली. पोरीची आई लहानपणीच गेलेली. बाप सिद्धलिंगप्पा सरळ माणूस. लग्नात त्यानं जावयाला मराठीत दोनच वाक्यं सांगितली, तीही पाठ करून आलेला.

राजेश्वरीचं मराठी म्हणजे वस्तीवरच्या बायकांची करमणूक होती. ती बसला गेला म्हणायची आणि म्हशीला आला म्हणायची. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नसे, पण हसणं ते हसणंच. पोट दिसायला लागलं तेव्हा एकदा ती खुशीत सासूला म्हणाली, "अत्ती, कूसु हलतंय." तिच्या भाषेत कूसु म्हणजे तान्हं बाळ. सासू शिवबाई धुणं टाकून हसली. "अगं कूस कशी हलंल? कुशीतलं पोर हलतंय म्हण की!" ते वाक्य पार शेजारच्या वस्तीपर्यंत पोचलं. तेव्हापासून राजेश्वरी तोंडातून शब्द काढण्याआधी उलटसुलट करून बघायची आणि शंका आली की बोलायचीच नाही.

युवराज सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात एका इंजिनिअर साहेबांची गाडी चालवायला होता. साहेब सोडतील त्या रविवारी यायचा. आला की बापाबरोबर तळ्यावर जायचा, जेवायचा, झोपायचा, पहाटेची बस धरायचा. माणूस वाईट नव्हता, नव्हताच इथं. मग राजेश्वरी पोटाशी बोलायची. ठिबकच्या नळ्या बघत झाडाझाडाखालून फिरताना कन्नडमधून त्याला सगळं सांगायची. हे झाड लंगडं आहे, ते म्हातारं आहे, तुझा आजा बघ कसा तळ्याभोवती घिरट्या घालतोय. पोट आतून लाथ मारून उत्तर द्यायचं. त्या एवढ्या मोठ्या माळावर तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आठवा लागला होता. एका सकाळी ती ठिबकची नळी झाडाच्या आळ्यात सरकवायला वाकली आणि नळीचा जोड निसटला. पाणी फवारलं. तिनं अंगठ्यानं भोक दाबलं, जोड बसवला. लुगडं भिजलं होतं. पण उभी राहिली तेव्हा मांडीवरून अजूनही काहीतरी खाली उतरत होतं. ठिबकचं पाणी सकाळचं गार असतं. हे कोमट होतं.

तिला वाटलं लघवीच झाली. पोटुशीला शिंकताना होते थोडी, हे तिला माहीत होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं. लांब तळ्याच्या बांधावर कोंडीबा पाठमोरा उभा होता. तिनं पदराचा बोळा करून पुसलं आणि पुढच्या झाडाकडं गेली. तिथंही तेच झालं. दुपारपर्यंत परकर दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा तो मोरीत नेऊन असा घाईनं पिळला की जणू चोरीच केलीय.

दुसऱ्या दिवशीही थांबलं नाही, तेव्हा तिनं शिवबाईला सांगायचं ठरवलं. कोणता शब्द वापरावा यावर तिनं सबंध सकाळ घालवली. लघवी म्हणवेना, लाज वाटत होती. शिवाय लघवी नव्हती असंही आता मन म्हणत होतं. शेवटी तिनं घरातला सगळ्यात साधा, कुणी हसणार नाही असा शब्द निवडला.

शिवबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

"अत्ती," राजेश्वरी म्हणाली, "माझं पाणी जातंय."

"अंगावरनं?"

"व्हय."

शिवबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "धुपणी हाय ती, पांढरं जाणं. उष्णता. पोटुशीला जातंच की. आमाला काय गेलं न्हाय? तांदळाचं धुवण पी खडीसाखर घालून. आन् त्या लाल तिखटाला हात लावू नगंस."

धुपणी हा शब्द राजेश्वरीनं पहिल्यांदाच ऐकला. सासूला एवढं झटकन नाव सापडलं, म्हणजे काहीतरी नेहमीचंच असणार. तिला बरंसुद्धा वाटलं. तिनं तांदळाचं धुवण प्यायलं, पांढरट, कच्च्या चवीचं, सकाळ-संध्याकाळ. शिवबाईनं ते आठवणीनं काढून ठेवलं, हे खोटं नाही. बिचारीनं तिच्या परीनं औषधच केलं होतं. फक्त ज्या दुखण्याचं केलं ते दुखणं हे नव्हतं.

संध्याकाळी युवराजचा फोन आला. फोनला रेंज फक्त तळ्याच्या बांधावर, त्यामुळं नवरा-बायकोचं जे काय बोलणं व्हायचं ते सासऱ्यासमोर. कोंडीबा आधी बोलला, मग फोन तिच्याकडं देऊन दोन पावलं बाजूला सरकून बसला. दोन पावलांत काय ऐकू येत नाही?

"जेवलीस का?" युवराज म्हणाला.

"व्हय. तुमी?"

"हां. मॅडमनी डबा दिला. बरं, बोल."

तिनं आवाज खाली आणला. "अहो. पाणी जातंय."

"अजून जातंय?" युवराजचा आवाज एकदम चढला. "आबा तर म्हणत होते कमी झालंय. कुटनं जातंय? खालच्या कोपऱ्यातनंच असंल. मी म्हणत होतो तिथं खेकड्यानं कागद कुरतडलाय. आबांना म्हणावं तिथली माती उकरून बघा, ओल लागली की वरनं ठिगळ मारा. गरम इस्त्रीनं चिकटतंय."

राजेश्वरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कळलं का? इस्त्रीनं."

"व्हय," ती म्हणाली.

"आन् ऐक, तू नको जाऊ उतारावर. घसरशील. ठेवू का? साहेब आले."

तिनं फोन सासऱ्याकडं दिला. पाणी आता तिच्या टाचेपर्यंत आलं होतं. ती तशीच उभी राहिली, कारण चालली असती तर बांधावर आलेल्या तळ्याच्या कागदावर ओली पावलं उठली असती. आपला नवरा आपल्याला एवढ्या मायेनं बोलला आणि आपल्याला त्यातलं काहीच मिळालं नाही, असं तिला वाटलं. कोंडीबा म्हणाला, "काय म्हणतोय?" तिनं सांगितलं, "खालच्या कोपऱ्यात बघा म्हणतायत." म्हातारा खोरं घेऊन खालच्या कोपऱ्यात गेला.

मग गोधडीचं झालं. सकाळी शिवबाई अंथरुणं गोळा करायला आली आणि सुनेच्या गोधडीला हात लागताच थबकली. "अगं ये! लहान पोरासारखी गोधडी भिजवलीस? उठवायचं की मला, न्हाईतर उठून जायाचं. बाई, बाई!" तिनं ती गोधडी नेऊन अंगणात, जाण्यायेण्याच्या वाटेवर, बाभळीच्या काटवणावर पसरली. दुधाला आलेल्या बाईनं विचारलं, आणि शिवबाईनं सांगून टाकलं. हसत सांगितलं, पण सांगितलं. राजेश्वरी आत भांडी घासत होती. राखेनं घासत होती तोच तवा तिनं पुन्हा पुन्हा घासला.

अपमानानं माणूस कधीकधी शहाणं होतं. ती गोधडी वाळल्यावर घडी घालायला ती गेली तेव्हा तिनं ती नाकाशी धरून बघितली. लघवीचा वास नव्हता. पिवळा डाग नव्हता. होता तो निराळाच, जरासा गोडसर वास. घरात कुणी नव्हतं. तिनं सासऱ्याच्या जुन्या धोतराचं फडकं घेतलं, कोरडं खडखडीत, घडी घालून खाली घेतलं आणि भिंतीला टेकून पडून राहिली. लघवी असेल तर धरून ठेवता येईल, असं तिनं मनाशी ठरवलं. श्वास आवळून धरून बघितलं. नाही धरता आलं. मग ती उठून उभी राहिली आणि पडल्यापडल्या साठलेलं सगळं एकदम आलं. घडी भिजून गेली, आणि ते पाणी स्वच्छ होतं, तांदळाच्या धुवणासारखंसुद्धा नाही. हे पांढरं जाणं नव्हतं. हे खरंच पाणी होतं.

तिनं पोटावर हात ठेवला. आतलं हललं, पण नेहमीसारखं पोहल्यागत नाही. जागा कमी पडल्यासारखं, एका जागी कूस बदलल्यासारखं. तिला धडकी भरली.

शिवबाई शेजारच्या वस्तीवर हळदीला गेली होती. कोंडीबा तळ्यावरून घरी आला, पाय चिखलानं भरलेले. राजेश्वरी त्याच्यापुढं डोक्यावर पदर घेऊनच उभी राहायची, कधी नजरेला नजर दिली नव्हती. आज ती सरळ त्याच्यासमोर आली.

"आबा, मला दवाखान्यात न्या. आत्ता."

"काय होतंय?"

ती नाही सांगू शकली. सासऱ्याला काय सांगायचं? तिनं नुसती मान हलवली आणि डोळ्यांतून पाणी आलं. कोंडीबानं तिच्याकडं बघितलं, खोरं भिंतीला लावलं आणि पाय न धुताच मोटरसायकल बाहेर काढली. सीटवर त्यानं आपलं घोंगडं चौघडी घालून टाकलं. सगळ्या रस्त्यानं तो खड्डा आला की, "धर गं बाई," एवढंच म्हणत राहिला.

सांगोल्यातल्या दवाखान्यात डॉक्टर वैजयंती म्हणून तरुण बाई होत्या, घाईच्या पण नीट ऐकणाऱ्या. "काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"पाणी जातंय," राजेश्वरी म्हणाली आणि लगेच, कुणी पुन्हा धुपणी म्हणायच्या आत, पुढचंही बोलून टाकलं. "पांढरं नाही. लघवी नाही. धरून धरत नाही. झोपलं की साठतो, उभं राहिलं की पडतो." व्याकरणाची तिनं पर्वा केली नाही.

डॉक्टरीणबाईंचा लिहिणारा हात थांबला. "चल, टेबलावर पड."

आत बोट घालून तपासणार नाही, त्यानं जंतू जातात, असं त्या म्हणाल्या. उकळलेलं साधन घालून, बत्ती धरून त्यांनी आत बघितलं. "खोक बघू एकदा." राजेश्वरी खोकली. "अजून एकदा." ती खोकली आणि आतून आलेलं पाणी तिला स्वतःलाच जाणवलं. बाईंनी एक पिवळी कागदी पट्टी त्याला लावली. पट्टी बघता बघता निळी झाली. तरी त्यांनी एक थेंब काचेवर वाळवला, यंत्राखाली धरला आणि तिला उठवून तिथं डोळा लावायला सांगितलं. काचेवर फांद्याच फांद्या फुटल्या होत्या, फांदीला बारीक फांदी, तिला पानं. "लघवी वाळली तर असं झाड दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणमोट फुटलीय तुझी. दिवस भरायच्या आधीच. केव्हापासून?"

राजेश्वरीनं सांगितलं तेव्हा बाईंनी ओठ घट्ट मिटले. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं राजेश्वरीला वाटलं.

बाहेर बाकड्यावर बसलेल्या कोंडीबाला त्यांनी आत बोलावलं. सुनेच्या अंगाची गोष्ट सासऱ्यापुढं उघडी झाली तेव्हा राजेश्वरीनं भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, बाळाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी असतं, त्यावर बाळ तरंगतं, वाढतं. ती पिशवी फाटलीय.

"कागद फाटलाय म्हणायचं," कोंडीबा हळूच म्हणाला.

"हां. तसंच."

"ठिगळ लागत न्हाय का, बाई?"

"नाही लागत, आबा. राहिलेलं पाणी टिकवायचं आणि जेवढे दिवस पुढं ढकलता येतील तेवढे ढकलायचे. बाळाच्या छातीसाठी सुई देते, जंतू होऊ नयेत म्हणून औषध देते. पण हिला सोलापूरला हलवायला लागंल. इथं काचेची पेटी नाही."

एवढ्या दिवसांत हे सगळं ज्याला एका वाक्यात कळलं, तो हा म्हातारा. त्याच्याशीच ती कधी बोलली नव्हती.

सोलापूरच्या मोठ्या इस्पितळात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. अंगाखाली फडकं, त्याचा रंग बघत राहायचं, ताप बघायचा, बाळाचे ठोके बघायचे. सिस्टर बजावून गेली होती, "पोट दुखलं, ताप आला, पाण्याला घाण वास आला, रंग बदलला, बाळ हलायचं कमी झालं, तर हाक मारायची. लाजायचं नाही." त्या खोलीत मराठी होतं, तेलुगू होतं, उर्दू होतं, दोन खाटा सोडून कुणीतरी कन्नडसुद्धा बोलत होतं. पण ते लोक आपल्या माणसाशी बोलत होते, आणि राजेश्वरी ऐकत पडून राहिली.

युवराज आला, ड्रायव्हरच्या पांढऱ्या कपड्यांतच. खाटेच्या कडेला टेकला. "मला फोनवर सांगायचं होतंस की," तो म्हणाला.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पाणी जातंय म्हनले. तुमी इस्त्री सांगितली."

त्यानं तिचा हात धरला, आणि भर खोलीत, बायका बघत असताना, त्याच हातावर कपाळ टेकून बराच वेळ बसला. मग साहेबांचा फोन वाजला. त्यानं तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उठला.

शिवबाई सोबतीला राहिली. ती पाय चेपायची, फडकी धुवायची, पण फार बोलायची नाही. गोधडीचा विषय दोघींनीही काढला नाही. एका सकाळी राजेश्वरीला हुडहुडी भरली. शिवबाई खाली चहा आणायला गेली होती. राजेश्वरीनं फडकं बघितलं आणि दोन्ही हातांनी पोट चाचपलं.

"सिस्टर," तिनं हाक मारली. आवाज समोरच्या खाटेच्या पुढं गेला नसेल. "सिस्टर, पाणी जातंय."

"जाणारच की, बाई," समोरच्या खाटेवरची बाई जांभई देत म्हणाली. "हितं सगळ्यांचंच जातंय."

राजेश्वरी उठून बसली. अंग कापत होतं. तिनं दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी कड धरली आणि ओरडली. आधी कन्नडमध्ये ओरडली, काय ते तिलाही कळलं नाही. मग मराठीत, खोलीच्या पार दारापर्यंत जाईल असं.

"हिरवं! पाणी हिरवं झालंय माझं! बाळ हलत नाही!"

सगळ्या खाटा तिच्याकडं वळल्या. कुणी हसलं नाही. सिस्टर धावत आली, फडकं बघून मागच्या मागं वळली, आणि मग माणसं धावली, चाकांची खाट आली, छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून गेले.

मुलगी झाली. रडली ती मांजराच्या पिलाएवढ्या आवाजात, आणि राजेश्वरीला तिचा एक पाय तेवढा दिसला, आपल्या बोटाएवढा. मग तिला काचेच्या पेटीकडं नेलं. "वेळेवर काढली," डॉक्टर म्हणाले. "थोडा वेळ अजून गेला असता तर काही खरं नव्हतं. आता तिची तिला झुंजू दे. श्वास घेतेय."

राजेश्वरीला खाटेवर आणून ठेवलं. ती पोटावर हात ठेवायला गेली आणि हात तसाच थांबला. तिथं कुणी नव्हतं. इतके महिने बोलायला जे होतं ते आता दोन भिंतींपलीकडं, नळ्या लावून पडलं होतं, आणि त्याला ऐकू जात असेल की नाही कोण जाणे. आई गेली तेव्हासुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. ती तोंडावर पदर घेऊन रडली.

शिवबाई पायाशी उभी होती. हातात चहाचा ग्लास, कधीचा गार झालेला.

"मी आपली चा आणाया गेले," ती म्हणाली, "येऊन बघती तर खाट रिकामी. काळजाचं पाणी झालं माझ्या. मला हाक मारायची हुतीस गं पोरी."

राजेश्वरीनं पदर काढला. बोलायच्या आधी शब्द उलटसुलट करून बघण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं.

"मारली होती, अत्ती. घरी असतानाच मारली होती."

शिवबाईनं ग्लास खिडकीत ठेवला. पदरानं आधी सुनेचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं आपले.

"आजून काय काय सांगितलं हुतंस," तिनं विचारलं, "जे मला ऐकू आलं न्हाय?"

हे असं राजेश्वरीला या घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं.

"लई हाय, अत्ती."

शिवबाईनं स्टूल ओढलं आणि खाटेला अगदी लागून बसली.